व्हिक्टोरियाचे बी वर्ग डिझेल लोको : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातले बी वर्गाचे लोको १९५२ मध्ये रुळांवर आले आणि त्यांतले काही सत्तर वर्षांनंतरही चालू स्थितीत आहेत. रेल्वेप्रेमी, मॉडेल बनवणारे आणि मेलबर्नला राहायला गेलेले मराठी वाचक यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. वाचताना गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो : गाडी ओढणाऱ्या पूर्ण यंत्राला इथे ‘लोको’ म्हटलं आहे आणि त्याच्या पोटातल्या डिझेल यंत्राला ‘इंजिन’. ‘बोगी’ म्हणजे चाकं आणि मोटारी असलेली खालची चौकट, डबा नव्हे.

बी वर्गात नेमके किती आणि कोणते लोको येतात?

बी ६० ते बी ८५, असे एकूण सव्वीस. सिडनीजवळच्या ग्रॅनव्हिल इथल्या क्लाइड इंजिनिअरिंगच्या कारखान्यात १९५२-५३ मध्ये ते बांधले गेले. अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचा परवाना क्लाइडकडे होता. या बांधणीचं कारखान्यातलं नाव एमएल-२. प्रत्येक लोकोला दोन बोग्या, प्रत्येक बोगीला तीन आस (चाकांची जोडी धरणारे दांडे) आणि प्रत्येक आसावर एक मोटर, म्हणजे सहाही आस ओढणारे. ओढण्यासाठी मिळणारी शक्ती १५०० अश्वशक्ती. रंग गडद निळा, त्यावर सोनेरी पिवळे पट्टे.

नाव मात्र एकाच लोकोला मिळालं : बी ६० म्हणजे ‘हॅरोल्ड क्लॅप’. सर हॅरोल्ड क्लॅप १९२० ते १९३९ या काळात व्हिक्टोरियन रेल्वेचे मुख्य आयुक्त होते. मेलबर्नहून राज्याच्या सीमेवरच्या ऑल्बरीला जाणारी ‘स्पिरिट ऑफ प्रोग्रेस’ ही वातानुकूलित गाडी १९३७ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. देशभर रुळांची रुंदी एक करावी, हा १९४५ चा अहवालही त्यांचाच. बी ६० जुलै १९५२ मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लॅप वारले. आपलं नाव लावलेला लोको त्यांना जेमतेम काही महिने पाहायला मिळाला.

ऑस्ट्रेलियातला हा पहिला मेनलाइन (म्हणजे मुख्य मार्गावर गाड्या ओढणारा) डिझेल लोको का?

नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. टास्मानियात एक्स वर्गाचे इंग्लिश इलेक्ट्रिक लोको १९५० मध्येच धावू लागले होते. सप्टेंबर १९५१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ९०० वर्ग आणि केंद्र सरकारच्या कॉमनवेल्थ रेल्वेवर जीएम वर्गाचा पहिला लोको, जीएम १ आला. न्यू साउथ वेल्सचा ४० वर्गही १९५१ च्या अखेरीचा. बी वर्ग हा व्हिक्टोरिया राज्यातला पहिला मेनलाइन डिझेल. क्लाइडच्या हिशेबात तो दुसरा, कारण जीएम १ त्यांनीच आधी बांधला होता.

बी वर्गाचं खरं पहिलेपण आकारात आहे. जनरल मोटर्सचे तेव्हाचे एफ मालिकेतले लोको एकाच टोकाला नाक असलेले होते. मागची बाजू सपाट, कारण अमेरिकेत ते पाठीला पाठ लावून जोडीनं चालत. व्हिक्टोरियात लोको एकेकटा चालायचा होता आणि प्रत्येक टोकाच्या स्टेशनावर तो टर्नटेबलवर फिरवण्यात वेळ जाऊ नये अशी अपेक्षा होती. म्हणून दोन्ही टोकांना बुलडॉगसारखं फुगीर नाक आणि दोन्हीकडे चालकाची केबिन, अशी रचना झाली. हाच आकार पुढे स्वीडनच्या नोहाब कंपनीनं घेतला. १९५४ पासूनचे डेन्मार्कचे एमवाय आणि नंतरचे हंगेरीचे एम ६१ पाहिले की नातं लगेच ओळखू येतं.

चारऐवजी सहा मोटारी का?

एफ मालिकेच्या अमेरिकी लोकोला चार आस होते आणि प्रत्येक आसावरचा भार मोठा होता. व्हिक्टोरियाच्या रुळांना आणि पुलांना तो झेपला नसता. एकशे दहा टनांहून जास्त वजन सहा आसांवर वाटलं की प्रत्येकावर साधारण एकोणीस टन येतात. शिवाय तेवढीच शक्ती सहा मोटारींत वाटली गेल्यामुळे कमी वेगात प्रत्येक मोटरवरचा ताण घटतो. मालगाडी चढावर ओढताना याचा उपयोग होतो, त्याबद्दल पुढे येईलच.

जीएम वर्गाच्या पहिल्या अकरा लोकोंमध्ये सहा आसांपैकी चारच ओढणारे होते, मधले दोन नुसते भार वाहणारे. नलारबॉरच्या सपाट माळावर ते चाललं. व्हिक्टोरियात चालण्यासारखं नव्हतं.

व्हिक्टोरियाला डिझेलची एवढी घाई का होती?

कोळशामुळे. व्हिक्टोरियात तपकिरी कोळसा भरपूर, पण वाफेच्या लोकोला लागणारा चांगला काळा कोळसा मुख्यतः न्यू साउथ वेल्समधून यायचा. युद्धानंतर तिथल्या खाणींत संप होत राहिले. १९४९ च्या जून ते ऑगस्टमधल्या मोठ्या संपानं तर गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं. रेल्वेनं काही वाफेचे लोको तेलावर चालवायला घेतले, पण तेल जाळायचंच असेल तर ते बॉयलरखाली जाळण्यापेक्षा डिझेलमध्ये जाळणं कित्येक पट फायद्याचं. युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या ‘ऑपरेशन फिनिक्स’ या योजनेत म्हणून डिझेल आले.

याच योजनेत ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून आर वर्गाचे सत्तर नवे वाफेचे लोको मागवले होते. ते १९५१ ते १९५३ मध्ये आले, म्हणजे बी वर्गाच्या अगदी बरोबरीनं. नव्याकोऱ्या आर वर्गाला ज्या एक्स्प्रेस ओढायच्या होत्या, त्या बी वर्गानं दोन वर्षांत काढून घेतल्या. स्पिरिट ऑफ प्रोग्रेसचे चार देखणे एस वर्ग वाफेचे लोको तर १९५४ पर्यंत मोडीत निघाले, एकही जपला गेला नाही. आजही तिथल्या रेल्वेप्रेमींना याची हळहळ वाटते आणि ती रास्त आहे. त्या चौघांची नावं पुढे १९५७ च्या एस वर्ग डिझेलच्या पहिल्या चार लोकोंना दिली गेली.

आतलं इंजिन कसं आहे?

सोळा सिलिंडरचं ५६७-बी. ‘५६७’ म्हणजे एका सिलिंडरचं घनफळ घनइंचांत, आपल्या मापात सुमारे ९.३ लिटर. सिलिंडरचा व्यास २१६ मिलिमीटर, पिस्टनची धाव २५४ मिलिमीटर. सिलिंडर ४५ अंशांच्या व्ही आकारात, आठ इकडे आणि आठ तिकडे. इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर पेटतो. ताजी हवा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालच्या भोकांतून आत येते आणि जळका वायू डोक्यावरच्या चार व्हॉल्व्हांतून बाहेर जातो. हवा ढकलायला दोन रूट्स ब्लोअर असतात आणि ते क्रँकवरूनच गिअरनं फिरतात, टर्बो (धुराच्या जोरावर फिरणारा हवापंप) नाही.

निष्क्रिय वेग मिनिटाला २७५ फेरे, आठव्या नॉचला (चालकाच्या वेगदांड्याच्या शेवटच्या पायरीला) ८००. मधला प्रत्येक नॉच सुमारे ७५ फेऱ्यांनी वेग वाढवतो.

या इंजिनाचं दीर्घायुष्य एका गोष्टीत आहे : ‘पॉवर असेंब्ली’. हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हा अख्खा संच एकत्र उचलून बाहेर काढता येतो आणि तयार ठेवलेला दुसरा संच आत बसवता येतो. एक सिलिंडर बिघडला म्हणून सगळं इंजिन उतरवावं लागत नाही. शेडमध्ये सुटे संच तयार असतील, तर लोको लवकर गाडीवर परततो आणि जुना संच सवडीनं दुरुस्त होतो. 

५६७-बी मध्ये सर्वांत जास्त काय बिघडतं?

पाण्याची गळती. आणि ती तेलात होते, म्हणून धोकादायक.

५६७ च्या जुन्या मालिकांत थंड करणारं पाणी क्रँककेसच्याच (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या) पोकळीतून लायनरभोवती पोचतं. पाणी आणि तेल यांच्यामध्ये फक्त लायनरच्या रबरी सील-कड्या असतात. उष्णतेनं कड्या कडक होतात, क्रँककेसच्या जोडांना बारीक तडे जातात आणि पाणी तेलात उतरतं. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगवर पातळ थर धरत नाही. मग मेन बेअरिंग घासतं आणि शेवटी क्रँकशाफ्टवरच येतं. हा सगळ्यात महागडा शेवट.

पुढच्या ५६७-सी मध्ये ही खोड मुळातून काढली. प्रत्येक लायनरला पाण्याची स्वतंत्र नळी जोडली, त्यामुळे क्रँककेसला पाण्याचा स्पर्शच उरला नाही. जुन्या बी क्रँककेसमध्ये फेरबदल करून सी चे लायनर बसवता येतात. अशा इंजिनाला ५६७-बीसी म्हणतात. आज एखादा बी वर्ग लोको विकत घेणाऱ्यानं किंवा सांभाळणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारावा की क्रँककेस मूळ बी आहे की बदललेली. सुटे भाग मिळणं, न मिळणं त्यावर ठरतं.

गळती लवकर पकडायच्या तीन जागा :

* डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसतं का. लोको रात्रभर उभा असेल, तर सुरू करण्याआधी तेलटाकीच्या तळाचा नळ किंचित उघडून आधी पाणी येतं का ते पाहावं. पाणी जड, ते खाली बसतं.
* पाण्याच्या टाकीची पातळी रोज थोडी थोडी उतरते आणि बाहेर कुठे ओल दिसत नाही. मग पाणी आत जातंय हे नक्की.
* एअरबॉक्सची (लायनरभोवतीच्या ताज्या हवेच्या पोकळीची) झाकणं काढून टॉर्चच्या उजेडात लायनरचा खालचा भाग. तिथे पाण्याचे ओघळ दिसले तर कोणती कडी गेली तेही कळतं. त्याच वेळी भोकांतून पिस्टन आणि रिंगाही तपासून घ्याव्यात.

तेलाबद्दल आणखी एक. या इंजिनांत पिस्टन-पिनच्या बेअरिंगला चांदीचा थर असतो. ट्रकच्या इंजिनाचं साधं तेल वापरलं तर त्यातलं जस्तयुक्त रसायन ती चांदी खातं. तेल जस्तविरहित आणि रेल्वे इंजिनासाठीचंच हवं. हौशी मंडळींकडून ही चूक होऊ शकते आणि तिचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगतो आहोत.

थंड पडलेला बी वर्ग सुरू कसा करतात?

क्रम महत्त्वाचा आहे. एक पायरी गाळली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

१. इंजिनाचं तेल, गव्हर्नरचं (इंजिनाचा वेग राखणाऱ्या यंत्राचं) तेल, कॉम्प्रेसरचं तेल आणि पाण्याची काच पाहा. गव्हर्नरची छोटी काच नेमकी विसरली जाते. ते तेल कमी असेल तर इंजिनाचा वेग हेलकावे खातो.

२. बॅटरीचा मुख्य चाकू-स्विच लावा. ३२ सेल, ६४ व्होल्ट. बॅटरी अशक्त असेल तर इथेच थांबा, कारण सोळा सिलिंडर फिरवायला तीच लागणार आहे.

३. लोको काही तासांहून जास्त उभा असेल तर सोळाही सिलिंडरच्या चाचणी-तोट्या उघडा, इंधन बंद स्थितीत ठेवा आणि इंजिन एक-दोन फेरे फिरवा. एखाद्या तोटीतून पाण्याची चिळकांडी उडाली तर तो सिलिंडर गळतोय. पाणी दाबलं जात नाही. तोटी बंद ठेवून तसंच सुरू केलं असतं तर पिस्टन त्या पाण्यावर आदळून रॉड वाकला असता किंवा हेड तडकलं असतं. सगळं कोरडं असेल तर तोट्या घट्ट बंद करा.

४. इंधनपंप चालू करून फिल्टरवरच्या दोन काचांकडे बघा. परतीच्या इंधनाची काच पूर्ण भरलेली आणि बुडबुड्यांशिवाय हवी. बुडबुडे म्हणजे टाकी आणि पंप यांच्यात कुठेतरी हवा शिरते आहे. दुसरी काच रिकामी हवी. तिच्यात इंधन आलं तर फिल्टर तुंबले आहेत.

५. स्टार्ट बटण दाबा. वेगळी स्टार्टर मोटर नाही, मुख्य जनरेटरच बॅटरीच्या विजेवर मोटर बनून क्रँक फिरवतो. इंधनाचा हातदांडा थोडा पुढे धरून इंजिन पेटलं की सोडा आणि लगेच तेलदाब पाहा.

६. पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअसवर येईपर्यंत भार देऊ नका. थंड लायनरमध्ये गरम पिस्टन फुगला तर तो लायनर ओरबाडतो.

चढावर मोटारी जळतात असं ऐकलं आहे, ते का?

डीसी मोटर हळू फिरते तेव्हा तिच्यातून प्रवाह जास्त जातो. प्रवाह जास्त म्हणजे उष्णता जास्त. ही उष्णता वाहून नेणारा पंखा आणि मोटरची स्वतःची सहनशक्ती यांना एक हद्द असते. म्हणून केबिनमधल्या अँपिअर-मीटरवर एका आकड्यापर्यंत ‘कितीही वेळ’ आणि त्याच्यापुढे ‘ठरावीक मिनिटंच’ असे पट्टे असतात. वजन जास्त लावलेली मालगाडी चढावर मंदावली की काटा त्या मिनिटांच्या पट्ट्यात जातो. चालक घड्याळ पाहत नसेल तर इन्सुलेशन भाजतं. मोटर त्याच दिवशी जळतेच असं नाही. बऱ्याचदा ती पुढच्या पावसाळी दिवशी जमिनीशी शॉर्ट होते आणि दोष त्या दिवसाच्या चालकावर येतो.

ग्राउंड रिले उडणं ही याचीच धाकटी बहीण. ओल, ब्रशांची कार्बनची पूड किंवा खराब केबल यांमुळे वीज सांगाड्यात उतरली की रिले भार तोडतो आणि इंजिन निष्क्रिय वेगावर येतं. एकदा रीसेट करून बघणं ठीक आहे. पुन्हापुन्हा रीसेट करत गाडी रेटणं म्हणजे कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) जाळायची तयारी. कोणती मोटर दोषी ते शोधून तिला वेगळं काढावं आणि उरलेल्या मोटारींवर कमी भारानं शेड गाठावी.

बी वर्गानं कोणत्या गाड्या ओढल्या?

सुरुवातीला सगळ्यात मानाच्या. ऑल्बरीपर्यंत स्पिरिट ऑफ प्रोग्रेस, आणि ॲडलेडला जाणारी ‘द ओव्हरलँड’ राज्याच्या सीमेवरच्या सर्व्हिसटनपर्यंत. तिथे दक्षिण ऑस्ट्रेलियाचा लोको जोडला जाई. दिवसा मालगाडी आणि रात्री एक्स्प्रेस असा एकाच लोकोचा वापर होऊ शकला, कारण त्याला राख काढायला किंवा बॉयलर धुवायला थांबावं लागत नव्हतं. बांधणीनुसार कमाल वेग ताशी १३३ किलोमीटर, पण मार्गावरच्या मर्यादेमुळे प्रत्यक्षात तो त्याहून बराच कमी राहिला.

१९५७ पासून १८०० अश्वशक्तीचे एस वर्ग आले आणि मोठ्या एक्स्प्रेस हळूहळू त्यांच्याकडे गेल्या. १९६६ मध्ये एक्स वर्ग, १९७७ मध्ये सी वर्ग. प्रत्येक नव्या वर्गाबरोबर बी वर्ग एक पायरी खाली सरकत गेला : राज्यातल्या ग्रामीण पॅसेंजर, धान्याच्या गाड्या, खडीच्या गाड्या.

१९६२ मध्ये गेज बदलला तेव्हा या लोकोंचं काय झालं?

व्हिक्टोरियाची ब्रॉडगेज १६०० मिलिमीटरची (भारताची १६७६, म्हणजे ही त्याहून अरुंद), न्यू साउथ वेल्सची स्टँडर्ड गेज १४३५. म्हणून सिडनी-मेलबर्न प्रवासात ऑल्बरीच्या लांबलचक फलाटावर सामानासकट गाडी बदलावी लागे. १९६२ मध्ये मेलबर्नपर्यंत स्टँडर्ड गेजचा वेगळा मार्ग झाला आणि ‘सदर्न ऑरोरा’ ही थेट रात्रगाडी सुरू झाली. त्या मार्गासाठी व्हिक्टोरियानं एस आणि बी वर्गातले काही लोको वळवले.

हे करता येतं, कारण फरक फक्त १६५ मिलिमीटरचा आणि तो सगळा बोगीत आहे. लोकोचा सांगाडा जॅकवर उचलायचा. त्याआधी मोटारींच्या केबली, ब्रेकच्या हवेच्या नळ्या, वाळूच्या नळ्या, मोटारी थंड करणाऱ्या हवेची लवचिक तोंडं आणि वेगमापकाची जोडणी सोडवायची. मग जुन्या बोग्या बाहेर आणि दुसऱ्या गेजच्या आत. उलट जोडताना सर्वाधिक चुका केबलींत होतात. एका मोटरच्या दोन केबली अदलाबदल झाल्या तर ती मोटर बाकीच्यांच्या उलट फिरू पाहते. म्हणून गाडीला लावण्याआधी कमी नॉचवर प्रत्येक मोटरची दिशा तपासतात.

ए वर्ग म्हणजे काय? आणि तो अकरावरच का थांबला?

१९८० च्या सुमारास बी वर्ग तिशीला टेकला. तेव्हा असा विचार झाला की सांगाडा ठेवावा आणि आतलं सगळं नवं घालावं. १९८३ ते १९८५ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियात रोझवॉटर इथल्या क्लाइडच्या कारखान्यात हे काम झालं. नव्या वर्गाला ए हे अक्षर मिळालं, क्रमांक जुनेच राहिले : ६०, ६२, ६६, ७०, ७१, ७३, ७७, ७८, ७९, ८१ आणि ८५.

आत बसलं बारा सिलिंडरचं ६४५-ई३बी, टर्बो लावलेलं, २२५० अश्वशक्तीचं. सिलिंडर चारनं कमी आणि शक्ती दीडपट. ६४५ म्हणजे ५६७ चाच मोठा भाऊ : धाव तीच २५४ मिलिमीटर, व्यास वाढून २३०. टर्बोचीही गंमत समजून घेण्यासारखी आहे. कमी वेगात धुरात पुरेसा जोर नसतो तेव्हा टर्बो गिअरनं क्रँकवरून फिरतो. जोर आला की क्लच सुटतो आणि तो धुरावर चालू लागतो. इंजिन बंद केल्यावर टर्बोच्या गरम बेअरिंगला तेल पाजणारा छोटा विजेचा पंप बराच वेळ चालू राहतो. घाईत बॅटरी-स्विच काढला की तो बंद पडतो आणि टर्बोचं बेअरिंग भाजतं. जुन्या ५६७-बी ला ही काळजी नव्हती, त्यामुळे जुन्या हातांना ही सवय नव्यानं लावून घ्यावी लागली.

बेत मोडला तो सांगाड्यामुळे. या लोकोची बाजूची भिंत म्हणजे नुसता पत्रा नाही. आत तिरक्या पट्ट्यांची कैची आहे आणि इंजिनाचं वजन पेलण्यात तिचा वाटा आहे. तीस वर्षं धक्के खाऊन त्या पोलादाला थकव्याचे तडे गेले होते. लोको उघडून बघेपर्यंत किती वेल्डिंग लागणार हे कळत नव्हतं. पॉवर असेंब्लीसारखा सांगाड्याचा तुकडा काढून दुसरा घालता येत नाही. प्रत्येक लोकोमागे खर्च वाढत गेला आणि अकराव्यानंतर काम थांबवलं. त्यानंतर भर दिला गेला तो नव्या एन वर्गावर. १९८५ ते १९८७ मध्ये मेलबर्नच्या सॉमर्टन कारखान्यात असे पंचवीस बांधले गेले, त्यांतही बारा सिलिंडरचंच ६४५. आमच्या मते थांबण्याचा निर्णय बरोबर होता. चूक असेलच तर ती काम सुरू करण्याआधी दोन-तीन सांगाडे पूर्ण उघडून न पाहण्यात होती.

चालत्या गाडीवर ए आणि बी ओळखायचा कसा?

कानानं. बी चा आवाज खोल, ठेका धरणारा आणि नॉचबरोबर चढणारा. ए मध्ये त्यावर टर्बोची बारीक शीळ असते. डोळ्यांनी ओळखायचं तर क्रमांकाआधीचं अक्षर वाचणं सगळ्यात खात्रीचं, कारण बाहेरचा आकार जवळपास तोच. ए वर्गाच्या मागे वातानुकूलित डब्यांचा संच असेल तर एक वीजडबाही शोधा. डब्यांना वीज देणारा वेगळा अल्टरनेटर एन आणि पी वर्गात असतो, ए मध्ये नाही.

पुनर्बांधणी न झालेल्या पंधरा लोकोंचं काय झालं?

व्ही/लाइननं (राज्य सरकारच्या रेल्वे संस्थेनं) १९८० च्या दशकात ते सेवेतून काढत आणले. काही मोडीत गेले. पण १९९३ मध्ये मेलबर्न-वॉर्नंबूल ही २६७ किलोमीटरची प्रवासी सेवा वेस्ट कोस्ट रेल्वे या खासगी कंपनीकडे गेली आणि तिनं जुने बी आणि एस वर्ग घेऊन पुन्हा गाडीला लावले. २००४ मध्ये ती सेवा व्ही/लाइनकडे परत आली. त्यानंतर त्यांतले काही लोको सदर्न शॉर्टहॉल रेलरोडसारख्या छोट्या मालवाहू कंपनीकडे गेले.

ए वर्गाची वाटणी १९९९ च्या खासगीकरणात झाली. ए ६०, ए ६२, ए ६६ आणि ए ७० प्रवासी बाजूला राहिले. उरलेले सात फ्रेट व्हिक्टोरिया या मालवाहू कंपनीकडे आणि २००४ मध्ये पॅसिफिक नॅशनलकडे गेले.

भारतातल्या लोकोंशी याचं काही नातं आहे का?

आहे, इंजिनाच्या घराण्याचं. ५६७, मग ६४५, मग ७१० असा हा वंश आहे. भारतात १९६२ मध्ये आलेल्या डब्ल्यूडीएम-४ मध्ये टर्बो लावलेलं सोळा सिलिंडरचं ५६७ होतं. पण वाराणसीच्या कारखान्यात बांधणीसाठी अल्को या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं तंत्रज्ञान घेतलं गेलं आणि हे घराणं भारतात तिथेच खुंटलं. ते परतलं १९९० च्या दशकाच्या शेवटी, डब्ल्यूडीजी-४ मधल्या ७१० च्या रूपानं. विद्युतीकरणाआधी कोकण रेल्वेवर धावणारे डब्ल्यूडीपी-४डी त्याच कुळातले. ज्यांनी त्या लोकोवर काम केलं आहे, त्यांना बी वर्गाची चाचणी-तोट्या, इंधनाच्या काचा आणि पॉवर असेंब्ली ही भाषा लगेच कळेल.

मेलबर्नमध्ये बी वर्ग कुठे पाहता येईल?

न्यूपोर्ट रेल्वे संग्रहालयात बी ८३ उभा आहे. नॉर्थ विल्यम्सटाउन स्टेशनाहून चालत जाता येतं. उघडण्याचे दिवस मोजके असतात, ते आधी बघून घ्यावेत. सीमोर रेल्वे हेरिटेज सेंटरकडे बी ७४ आहे. त्यांच्या सहलगाड्या निघतात तेव्हा मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनावरही जुन्या निळ्या-सोनेरी लोकोंचं दर्शन घडू शकतं.

मॉडेल बनवताना कशावर लक्ष द्यावं?

आधी साल ठरवा, बाकीचं त्यावरून ठरतं. १९५२ ते १९८० पर्यंत निळा-सोनेरी, १९८१ पासून व्हिकरेलचा (व्हिक्टोरियन रेल्वेचं नंतरचं नाव) नारिंगी-रुपेरी, १९८३ नंतर व्ही/लाइनचा नारिंगी-राखाडी. नारिंगी-राखाडी बी वर्गाला स्पिरिट ऑफ प्रोग्रेसचे निळे डबे जोडलेले दिसले की जाणकार लगेच थांबवतात.

१:८७ प्रमाणात बाजारातला १६.५ मिलिमीटरचा रूळ स्टँडर्ड गेज दाखवतो. खरी व्हिक्टोरियन ब्रॉडगेज त्या प्रमाणात १८.४ मिलिमीटर होते आणि तेवढ्या रुळासाठी आस आणि बोग्या स्वतः बनवाव्या लागतात. तेवढा खटाटोप नको असेल तर १९६२ नंतरचा मेलबर्न-ऑल्बरी स्टँडर्ड गेज मार्ग निवडा. बी वर्ग तिथेही धावले आहेत आणि तयार रूळच तिथे बरोबर मापाचा ठरतो.